आडातलं भूत आणि दप्तरातलं हाड: ‘आन्याज घोस्ट’ कशी वाचावी

‘आन्याज घोस्ट’मधलं भूत बराच वेळ कुणालाच घाबरवत नाही. ते एकटं आहे, बोलकं आहे, लाघवी आहे आणि आन्या या शाळकरी मुलीच्या वेळोवेळी उपयोगी पडतं. भीती वाटायला लागते ती पुष्कळ उशिरा, आणि तेव्हा लक्षात येतं की ती पहिल्यापासून चित्रांत होती. एवढ्यासाठीच ही चित्रकादंबरी दोनदा वाचण्यासारखी आहे. पहिल्या वाचनात आपण संवादाच्या फुग्यांतल्या शब्दांवर विसंबतो आणि फसतो. दुसऱ्यांदा चित्रं आधी बघितली की लेखिका-चित्रकार ब्रोस्गोलबाईंनी आपल्यापासून काहीच लपवलं नव्हतं, हे कळतं.

व्हेरा ब्रोस्गोल मूळच्या मॉस्कोच्या, लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या. हे पुस्तक २०११ साली फर्स्ट सेकंड या अमेरिकी प्रकाशनाने काढलं. पानं २२४. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, किशोरवयीन वाचकांसाठीच्या विभागात त्याला आयस्नर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या जगात आयस्नरला मोठा मान आहे. ब्रोस्गोल यांनी लायका या अॅनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्डचं काम केलेलं आहे, म्हणजे सिनेमा बनण्याआधी त्याचा प्रत्येक प्रसंग कागदावर चौकटी-चौकटीने मांडायचं काम. पुस्तकात ते पानोपानी जाणवतं. माणूस कुठून आत येतो, मान कधी वळवतो, गप्प केव्हा राहतो, हे सगळं हिशेबाने केलेलं आहे. एकही शब्द नसलेल्या चौकटी भरपूर आहेत. घाईच्या वाचकाकडून नेमक्या त्याच सुटतात.

गोष्ट उलगडू न देता सांगता येईल तेवढी सांगायची तर अशी. आन्या बोर्झाकोव्स्काया रशियातून आईबरोबर अमेरिकेत आलेली. आई सकाळी सिर्निकी करते. सिर्निकी म्हणजे ताज्या चक्क्यासारख्या चीजच्या, तव्यावर तुपकट परतलेल्या टिक्क्या. आन्याला त्या नको असतात, कारण आपण जाड आहोत असं तिच्या डोक्यात बसलेलं आहे. शाळेत तिला एकच मैत्रीण, तीही बेभरवशाची. एका दिवशी रानातून जाताना ती एका जुन्या विहिरीत पडते. तळाशी एक सांगाडा आहे, आणि त्या सांगाड्याची मालकीण एमिली तिथंच बसलेली आहे. एमिली मरून शतक उलटायला आलेलं. आन्याची सुटका होते, पण एमिलीचं एक छोटं हाड तिच्या दप्तरातून वर येतं, आणि हाडामागोमाग एमिलीही. ती इतर कुणाला दिसत नाही. इथून पुढं रहस्य सुरू होतं: ही मुलगी मेली कशी?

मराठवाड्यातला वाचक आधी विहिरीपाशीच अडतो, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे विहीर म्हणजे एकच गोष्ट नाही. शेतातली मोठ्या घेराची विहीर वेगळी, वाड्यातला आड वेगळा, बारव वेगळी. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव आहे. तिच्यात पायऱ्याच गोल फिरत खाली जातात. बारवेत उतरलेला माणूस पायऱ्यांनी वर येतो. शेतातल्या विहिरीच्या भिंतीत बहुधा कुठंतरी कपार असते, काही ना काही पायाखाली येतं. आडाचं तसं नाही. घेर जेमतेम, भिंत सरळ, आत माणूस उतरेल असा विचारच बांधणाऱ्याने केलेला नसतो; वरून पोहरा सोडायचा एवढंच त्याचं काम. पुस्तकातली विहीर ही आडाच्या जातीची आहे, आणि तिला पाणी राहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी कथेला लागतात. भिंत सरळ नसती तर एमिली तिथं अडकून राहिली नसती, आणि पाणी असतं तर सांगाडा दिसला नसता. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याने म्हणून ‘विहीर’ न म्हणता ‘आड’ म्हणावं. ऐकणाऱ्या पोरांच्या डोळ्यांपुढे नेमकी जागा उभी राहते आणि ‘मग ती चढून का नाही आली?’ हा प्रश्न येतच नाही.

पुस्तकाचा सगळा डोलारा ज्या नियमावर उभा आहे तो हाडाचा. एमिली तिच्या हाडांपासून फार लांब जाऊ शकत नाही. म्हणून ती इतकी वर्षं आडात, आणि हाड दप्तरात आल्यावर आन्याच्या घरी, वर्गात, सगळीकडे. इंग्रजी वाचकाला हा नियम शिकावा लागतो. पैठणला नाहीतर नांदेडला गोदावरीत अस्थी सोडून आलेल्या घरांना तो शिकवायची गरज नाही. हाड मागं राहिलं तर माणूस मागं राहतो, हे आपल्याकडे म्हाताऱ्या बायका सांगतच आलेल्या आहेत. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळही आठवेल. फरक एवढाच की वेताळ प्रश्न विचारतो आणि एमिली उत्तरं पुरवते, तीही परीक्षेच्या हॉलमध्ये, दुसऱ्याच्या पेपरात डोकावून. दिसत नसलेली मैत्रीण यापेक्षा जास्त कामाची कुठं होणार? लातूरच्या शिकवणी वर्गांभोवती वाढलेल्या, कॉपीमुक्त अभियानाची पथकं वर्गात शिरताना पाहिलेल्या मुलांना हा प्रसंग कुणी समजावून द्यावा लागत नाही. मार्कांसाठी माणूस काय काय चालवून घेतो, हे त्यांना माहीत आहे. आणि तिथंच सापळा आहे. एमिलीची प्रत्येक मदत आन्याचा एकेक प्रश्न बंद करते. ज्याच्या उपकाराखाली आपण आहोत त्याला ‘तू मेलीस कशी, खरं सांग’ असं दरडावून विचारता येत नाही.

भूत दिसणाऱ्या माणसाच्या गोष्टीत एक जुनी अडचण असते. गद्यात ‘मला ती दिसली’ असं पात्र म्हणालं की वाचक ठरवत बसतो, हे खरं की भास? चित्रकादंबरीत ही शंका उरत नाही, कारण भूत कागदावर काढलेलं आहे. आन्याला दिसतं तसंच ते वाचकालाही दिसतं. मग शंका जाते कुठं? ब्रोस्गोल यांनी ती फार हुशारीने दुसरीकडे वळवली आहे. भूत आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी पहिल्या भेटीतच मिटवून टाकला, त्यामुळे भूत खरं बोलतं का, हा प्रश्न विचारायचंच आपण विसरतो. एमिली कशी मेली हे आपल्याला सांगणारी एकटी एमिली आहे. दुसरा साक्षीदार नाही. आई-वडील गेलेले, महायुद्धावर गेलेला तिचा माणूस गेलेला, सगळी हकीकत तिच्या एकटीच्या तोंडून. पोलीस पाटीलसुद्धा एकाच माणसाच्या जबानीवर पंचनामा करत नाही. आपण मात्र करतो, कारण ती गोड दिसते आणि रडवेली बोलते.

नीट पाहणाऱ्याला खुणा मिळत जातात. एमिलीचं रूप पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं राहत नाही. आडात ती जुन्या काळच्या कपड्यांतली, विरळ, धुरासारखी. पाय नाहीत, खाली नुसतं निमुळतं होत गेलेलं पांढरं शेपूट. पुढं तिचा पेहराव बदलतो, केस बदलतात, बसण्या-उठण्याची ढब आन्याच्या वयाची होत जाते. पहिल्या वाचनात हे गमतीचं वाटतं: जुन्या काळची पोर नवं शिकतेय. दुसऱ्या वाचनात तेच पान गार करून जातं. सोबत आणखी एक गोष्ट बघत राहायची, तिचा जोर. सुरुवातीला वस्तूंवर तिचा काही परिणाम होत नाही म्हटलं तरी चालेल. तो कधी वाढतो, त्या वेळी आन्या तिच्यावर किती विसंबलेली असते, आणि आन्या ‘नको’ म्हणाली की एमिलीचा चेहरा पुढच्या एकाच चौकटीत कसा होतो, या तीन गोष्टी एकत्र धरल्या की पुढचं आधीच हाती लागतं.

यासाठी एक साधी पद्धत आहे, वाचन गटाला तर फारच सोयीची. वहीचं पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला एमिली काय म्हणाली ते लिहायचं, उजव्या बाजूला त्याच चौकटीत तिचे हात, डोळे, भुवया काय करतायत ते. मोजक्याच प्रसंगांसाठी करायचं: आडातली पहिली भेट, परीक्षा, पार्टी आणि पार्टीनंतरचं बोलणं. दोन्ही बाजू जिथं जुळत नाहीत तिथं खूण करायची. पार्टीच्या प्रसंगापर्यंत खुणा इतक्या जमतात की पुढं जुन्या वर्तमानपत्रात आन्याला काय सापडतं याचा अंदाज निम्म्या गटाला तरी आलेला असतो. इथं घोटाळा होतो तो एकाच कारणाने. मुलं चौकट बघताना आधी फुगा वाचतात, आणि फुगा वाचला की चित्र ‘कळलं’ म्हणून सोडून देतात. उपाय म्हणजे दुसऱ्या वाचनाला फुग्यांवर कागदाची चिठ्ठी धरायची. पेन्सिलने झाकू नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका.

रंग एकच धरून चाललेले आहेत, काळा आणि निळसर जांभळा, त्याच्या फिकट-गडद छटा. हे पैसे वाचवायला केलेलं नाही. पूर्ण रंगीत पुस्तकात भूत वेगळं काढायला त्याला वेगळा रंग द्यावा लागतो आणि ते लगेच भूत म्हणून अंगावर येतं. इथं सगळं जगच एका रंगात असल्यामुळे एमिलीला वेगळं काढणारी गोष्ट फक्त काळ्याचा अभाव. आन्याच्या केसांना, कपड्यांना भरीव वजन आहे. एमिलीला ते नाही. म्हणून दोघी एका चौकटीत असल्या तरी नजर आधी आन्याकडे जाते आणि एमिली मागं राहून ऐकत असते. ती ऐकतेय हे आपल्या ध्यानात राहत नाही. गर्दीच्या प्रसंगांत बाकीच्या पात्रांच्या नजरा कुठं आहेत तेही बघावं. एमिलीकडे कुणाचीच नजर नाही, हे चित्रकाराने दर वेळी सांभाळलंय, आणि चित्र काढायला शिकणाऱ्या मुलांना हा धडा फुकट मिळतो.

आता हे सगळं मोबाईलवर वाचलं तर काय होतं? निम्मं हातून जातं. साडेसहा इंची फोनवर अख्खं पान बसतं खरं, पण अक्षर वाचायला बोटांनी मोठं करावं लागतं, आणि मोठं केलं की शेजारची चौकट पडद्याबाहेर. काही अॅपमध्ये एकेक चौकट आपोआप मोठी होत पुढं सरकायची सोय असते. या पुस्तकासाठी ती बंद ठेवावी. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न टाकायचा आणि पान उलटल्यावर उत्तर द्यायचं, ही कॉमिक्सची जुनी रीत इथं जागोजाग वापरलेली आहे. चौकटी सुट्या झाल्या की पान उलटणंच उरत नाही. सहा इंची किंडलवर जांभळा रंग राखाडी होतो. त्याने फार बिघडत नाही, पण फिकट छटा एकमेकींत मिसळतात आणि एमिलीच्या कडा पुसट होतात. दहा इंची टॅब उभा धरून चालेल. छापील प्रत सगळ्यांत बरी.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे पुस्तक रहस्याइतकंच आणखी एका गोष्टीसाठी द्यावंसं वाटतं. आन्याने मेहनतीने आपला रशियन हेल घालवलेला आहे. अवघड आडनाव ती शाळेत सुटसुटीत करून लावते. डिमा नावाचा मुलगा तिच्याच देशातून नुकता आलेला, हेल तसाच, कपडे गबाळे, पोरं त्याला मारतात. आणि आन्या त्याच्याशी ओळख दाखवत नाही. जालन्याहून, हिंगोलीहून पुण्याला शिकायला गेलेलं पोर पहिल्या महिन्यात काय शिकतं? ‘काय करायलास’ गिळायचं आणि ‘काय करतोयस’ म्हणायचं. गावाकडचा कुणी त्याच मजल्यावर राहायला आला आणि मोठ्याने ‘आलो की रं, थांब की’ म्हणाला की मान खाली घालायची. आन्या आणि डिमा यांच्या प्रसंगांत हेच चाललेलं आहे, आणि ब्रोस्गोल यांनी आन्याला कुठंही सांभाळून घेतलेलं नाही. ती अप्पलपोटी वागते, खोटं बोलते, आईला तोडून बोलते. भूत तिलाच का चिकटतं ते इथं कळतं. स्वतःला निम्मं पुसून टाकलेल्या मुलीला, उरलेल्या निम्म्यात शिरू पाहणारी दुसरी मुलगी भेटते.

उणिवा आहेत. डिमाचं पात्र त्याच्यावर जेवढं टाकलंय तेवढं पेलण्याइतकं रंगवलेलं नाही. उत्तरार्धात आन्याचं त्याच्याशी वागणं बदलतं, पण मधल्या पानांत त्याला स्वतःचं असं काहीच दिलेलं नाही: ना घर, ना आवड, ना राग. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शाळेतली देखणी जोडगोळी, शॉन आणि एलिझाबेथ, सुरुवातीला साच्यातली वाटते. पार्टीच्या प्रसंगात ती एकदम खरी होते आणि मग कथेतून निघून जाते. त्या प्रसंगाला आणखी पाच पानं मिळायला हवी होती, कारण पुस्तकातलं सगळ्यांत धारदार निरीक्षण तिथं आहे. एमिलीचा जोर नेमका कशाने वाढतो, हेही ढोबळच ठेवलंय. इतके दिवस नियमाने चालणारं भूत शेवटाकडे कथेच्या सोयीने चालल्यासारखं वाटतं. शेवट मात्र मारामारीवर न नेता बोलण्यावर नेलाय, ते फार आवडलं. आन्या एमिलीला जे ऐकवते ते ती स्वतःलाही ऐकवत असते, आणि दोघींचे चेहरे त्या वेळी जवळजवळ सारख्या रेषेत काढलेले आहेत.

वयाचं सांगायचं तर आठवी-नववीच्या पुढं. रक्तपात फार नाही. पण आन्या सिगारेट ओढते, पार्टीत दारू आहे, मुला-मुलींच्या भानगडी आहेत, आणि ‘मी जाड आहे’ हा विषय पहिल्या पानांपासून आहे. आधी घरातल्या मोठ्या माणसाने वाचून घ्यावं आणि मग मुलांच्या हाती द्यावं. सिगारेटचं पुस्तक कौतुक करत नाही, एवढं पालकांना सांगता येईल.

इंग्रजी सोपं आहे. वाक्यं छोटी, शाळेतली बोलण्याची भाषा. तरीही तालुक्याच्या शाळेत गटाने वाचायचं तर इंग्रजी प्रत समोर ठेवून मराठीत सांगत जाणं बरं, आणि तिथं काही जागा सांभाळाव्या लागतात. पहिली अडचण लिंगाची. मराठीत भूत ‘ते’. एमिली मात्र ‘ती’. आडातल्या पहिल्या चौकटींत ‘ते काय आहे तिथं?’ म्हणायचं आणि तिने नाव सांगितल्याबरोबर ‘ती’वर यायचं. इंग्रजीत न साधणारी ही गोष्ट मराठीत आयती मिळते: ‘ते’ची ‘ती’ झाली त्या क्षणी मैत्री झाली. सत्य कळल्यावर पुन्हा ‘ते’वर जायचा मोह होतो. जाऊ नये. एमिली शेवटपर्यंत माणूसच राहायला हवी, नाहीतर शेवटचं बोलणं पोकळ होतं.

तिला हडळ म्हणायचं नाही. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, तिची गोष्ट वेगळी. मुंजा हा मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, त्याची जागा पिंपळावर. विहिरीच्या काठावरचे शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे साती आसरा; त्यांना तर लोक नारळ फोडतात, त्यांना भुतांत ओढू नये. आपल्याकडे मेलेल्यांच्याही जाती ठरलेल्या आहेत, आणि एमिली त्यांपैकी कशातच बसत नाही. नुसतं भूत, किंवा सरळ एमिली.

बोलीचं असं करावं. आन्या आणि आई घरात ‘काय करायलीस?’, ‘येऊ लालेव’ असं आपल्या भागातलं बोलल्या तर चालतील, शाळेत आन्या ‘काय करतेस?’वर यावी, डिमा मात्र शाळेतही घरचंच बोलावा. आईची बोली हसण्यासाठी वापरायची नाही. तिचा एकही प्रसंग विनोदी नाही. एमिलीच्या तोंडी सुरुवातीला जरा जुनं, जपून बोललेलं मराठी द्यावं आणि तिचा पेहराव बदलेल तसं तिचं बोलणंही आन्यासारखं करत न्यावं. मुलांच्या हे कानाला आधी लागतं, डोळ्याला मागाहून.

इंग्रजी फुग्यांत ठसा द्यायला अक्षर जाड करतात. मराठीत जाड अक्षराची गरज क्वचित पडते, ते काम ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘की’ करतात. ‘मीच होते तिथं’ आणि ‘मी तिथंच होते’ या दोन वाक्यांत खून उघडा पडू शकतो. पुस्तकातले आवाजही बदलून घ्यावेत: धप्प, खरखर, सळसळ, चर्र. मराठीजवळ याचा साठा मोठा आहे आणि पोरं तो मोठ्याने काढतात.

सराव म्हणून मुलांनी एखादं पान स्वतः काढून त्यात मराठी फुगे भरायचे ठरवलं तर हमखास एक चूक होते. इंग्रजीत सगळी मोठी अक्षरं एका उंचीची असतात, ओळी जवळजवळ बसतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार. अक्षराची जी उंची, तिच्या निदान दीडपट अंतर दोन ओळींत सोडावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शिवाय मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात. ‘विहिरीतल्यासारखं’ हा एक शब्द अख्खी ओळ खातो आणि मध्ये तोडता येत नाही. यावर अक्षर बारीक करणं हा उपाय नव्हे. बारीक अक्षरात काने-मात्रे बुजतात. शब्द कमी करावेत. आणि फुगा आधी न काढता मजकूर आधी लिहावा, मग त्याभोवती रेघ ओढावी. सुरुवातीला सगळेच उलटं करतात आणि शेवटची दोन अक्षरं कडेला चेंगरतात.

ग्रंथालयासाठी घ्यायचं असेल तर दोन प्रती घ्याव्यात. सहा-सात जणांच्या गटात एका प्रतीवर दोघांहून जास्त बसू शकत नाहीत; चित्र तिरकं दिसलं की बारकावे जातात. एकाची पाळी, एकाची वही, असं चालतं. पहिलं वाचन तासा-दीड तासात होतं, दुसऱ्याला दोन बैठका लागतात. पानांच्या झेरॉक्स काढून वाटू नयेत. ते बेकायदा तर आहेच, शिवाय साध्या झेरॉक्सवर जांभळ्या छटा काळ्या पडतात आणि एमिली अर्धी नाहीशी होते.

पेपरबॅक प्रत डिंकाने बांधलेली असते, शिवलेली नसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवली आणि कुणी मधोमध उघडून उताणी दाबली की कण्यातला वाळलेला डिंक तडकतो आणि मधली आठ-दहा पानं सुटतात. नवी प्रत आली की कणा टेबलावर टेकवून पुढची पाच-सहा पानं आणि मागची पाच-सहा पानं आळीपाळीने हलकी दाबत मध्यापर्यंत यायचं. एवढ्याने ती दोन वर्षं जास्त टिकते. बाहेरून पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, आत सेलोटेप नाही. टेप पिवळी पडते आणि चित्राची शाई घेऊन निघते. कपाटात डांबरगोळ्या आणि पावसाळ्यानंतर एकदा ऊन, नाहीतर कसर लागते. ग्रंथालयाचा शिक्का मुखपृष्ठामागच्या कोऱ्या पानावरच मारावा. दर पन्नासाव्या पानावर शिक्का मारायची आपल्याकडची जुनी पद्धत चित्रकादंबरीला लावली तर नेमका एखाद्या नि:शब्द चौकटीवर गोल जांभळा ठसा बसतो, आणि तो पुस्तकाच्याच रंगाचा असल्यामुळे चित्राचाच भाग वाटतो.

शेवटचं कपाटाचं. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात कॉमिक्स ७४१.५ खाली येतात. आपल्याकडची बरीच सार्वजनिक ग्रंथालयं चित्रं दिसली की पुस्तक बालविभागात टाकतात. तिथं ते पाचवीच्या पोराच्या हाती लागतं, त्याला कळत नाही, पालक सिगारेटचं पान बघून तक्रार करतात, पुस्तक आतल्या कपाटात जातं आणि ज्या अकरावीच्या मुलीने ते वाचायला हवं तिला ते आहे हेच कळत नाही. दाखल नोंदीत ‘कुमार’ असं स्पष्ट लिहावं आणि प्रत कादंबऱ्यांच्या रांगेत, रहस्यकथांशेजारी उभी ठेवावी.